पिक्चर पास करणारे आम्ही दोघं

अमरावतीतल्या आमच्या चित्रपट मंडळात एक रीत होती. दर महिन्याचा सिनेमा आधी दोघांनी पाहायचा, एक डाव्या विचाराचा आणि एक उजव्या विचाराचा. दोघांनी होकार दिला तरच तो सगळ्यांना दाखवायचा. डावी मी, कॉलेजातून निवृत्त झालेली मराठीची बाई. उजवे आमचे वकीलसाहेब. निवडणुका आल्या की मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये लोक एकमेकांवर तुटून पडत, पण रविवारी दुपारी कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये तेच लोक शेजारी शेजारी बसत. हे आमच्या या रीतीमुळेच टिकलंय, असं मला वाटायचं. त्याचा मला गर्वही होता, खोटं कशाला बोलू?

तिसरे होते भाऊ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, मूळचे अकोटचे. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घर बौद्ध. मंडळ आम्ही तिघांनीच सुरू केलं होतं. प्रोजेक्टर त्यांचा, वायरी त्यांच्या, खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार करायचं कामही त्यांचंच. सिनेमाबद्दल ते फारसं बोलत नसत. भाऊ आपलेच आहेत, असं मी धरून चालले होते.

त्या महिन्यात मी निवडलेला सिनेमा एका खेड्यातल्या दलित मजुराचा होता. विहिरीवर पाणी भरलं म्हणून गावच्या पुजाऱ्याच्या चिथावणीनं त्याला मारून टाकतात, आणि त्याची आई बराच वेळ रडत राहते. वकीलसाहेबांच्या ऑफिसात, कायद्याच्या पुस्तकांमध्ये लॅपटॉप ठेवून आम्ही तो पाहिला. मध्येच त्यांनी तो थांबवला.

"मॅडम, त्या पुजाऱ्याले एक तरी चांगलं वाक्य द्याचं होतं. माह्या बापानं जिंदगीभर पूजाच केली, तो काय असा होता?"

"आणि त्या आईला किती वाक्यं आहेत, तेही मोजा," मी म्हटलं.

दोन तास वाद झाला. शेवटी पुढच्या महिन्यात त्यांच्या आवडीचा सिनेमा दाखवायचा या बोलीवर त्यांनी होकार दिला. मी अगदी किल्ला सर केल्यासारखी घरी आले.

सिनेमा झाला. ज्याचा विरोध जास्त, त्यानं आधी बोलायचं, हीही आमची रीत. वकीलसाहेब नीट बोलले, कोणी आवाज चढवला नाही. मग कच्चा चिवडा आणि चहा. मी खुशीत होते. लोक पांगल्यावर भाऊ वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "हे पिक्चर कोनं पास केलं?"

"आम्ही दोघांनी. नेहमीसारखंच."

"तेच तं. डावं बी तुमच्याच घरातलं आन उजवं बी. मले कोनी इचारलं?" त्यांचा आवाज शांत होता. "हे रडनं मी माह्या घरात पायलं हाये. इथं तुमी मले तेच दाखोता, आन माय रडाले लागली का सारे माह्या तोंडाकडे पाहता. तुमी तं सगळ्यात आधी. पुढच्या बारीपासून मी येत नाई. प्रोजेक्टर ठेवून घ्या."

मला राग आला. ज्यांच्या बाजूनं मी दोन तास भांडले, त्यांनीच मला हे ऐकवावं? घरी येऊन मी भांडी आपटली. मग हळूहळू रडू यायला लागलं. भाऊंशिवायचं मंडळ म्हणजे मी आणि वकीलसाहेब, आणि आमच्यासारख्याच सवर्ण घरांतले बाकीचे. त्याला मिश्र मंडळ कोणत्या तोंडानं म्हणणार होते?

भाऊ मुलीकडे अकोल्याला निघून गेले. फोन उचलेनात. शेवटी वकीलसाहेबच म्हणाले, "चाला, जाऊन येऊ." गाडी तेच चालवत होते. मूर्तिजापूर मागे पडल्यावर म्हणाले, "मॅडम, आपन इतके वर्सं भांडलो, पन आपसातच भांडलो."

मुलीनं चहा ठेवला. भाऊ समोर येऊन बसले. मी म्हटलं, "भाऊ, पुढची पाळी वकीलसाहेबांची होती, ती त्यांनी सोडलीय. सिनेमा तुम्ही निवडा. आम्ही तो आधी पाहणार नाही."

"आन वकीलसाहेब नाई म्हनले तं?"

"मले नाई म्हनाचा अधिकारच नाई राहिला आता," वकीलसाहेब म्हणाले.

"पाहतो," एवढंच म्हणून भाऊंनी आम्हाला निरोप दिला.

सिनेमाच्या रविवारी ते आले, सतरंज्या बांधायला लागले. आता ते काहीतरी जळजळीत दाखवणार, असं समजून मी मन घट्ट करून बसले. सिनेमा सुरू झाला. मजुरांच्या वस्तीतलं एक लग्न. नवरदेवाच्या वरातीसाठी पोरं मालकाची जीप पळवून आणतात, फुलांनी झाकतात, आणि ती आपलीच आहे हे कळू न देता मालकालाच वरातीत नाचवतात. मालकाची अशी फजिती की विचारू नका. डावा म्हणावा तर पुरता डावा, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत हसवणारा.

हॉल खदखदत होता. वकीलसाहेब तर रुमालानं डोळे पुसत होते. मालक जीपमधून खाली पडला तेव्हा मलाही हसू आलं. पण हसण्याआधी मी शेजारी वळले आणि भाऊंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

त्यांच्या ते लक्षात आलं. हसणं थांबवून त्यांनी समोर बोट दाखवलं.

"मॅडम, पिक्चर तिकडं हाये."