चार खणांचा सोपा

आमच्याकडे घराच्या दर्शनी बैठकीच्या जागेला सोपा म्हणतात, आणि सोफ्यालाही सोपाच म्हणतात. एरवी यानं कुणाचं काही बिघडत नाही. चंदगडच्या माझ्या मामानं आपलं जुनं लाकडी शेतघर पर्यटकांना राहायला द्यायचं ठरवलं, तेव्हा बिघडलं.

पहिले पाहुणे येणार त्या दिवशी मी कोल्हापुरातून मुद्दाम गेलो होतो. बापलेक आले, दोन दिवसांसाठी. लेक इमारतींवर व्याख्यानं देणारा. वडिलांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, हातात काठी, जमिनीवर बसायची सक्त मनाई. लेकानं फोनवर नेमकं विचारून घेतलं होतं, सोफा आहे ना? मामानं सांगितलं होतं, चांगला चार खणांचा हाय, वीस माणूस बसतंय. एवढा सोफा कुठल्या दुकानात मिळतो, असा प्रश्न व्याख्यात्याला पडला नाही.

सोप्यावर चढताच लेकाची मान वर गेली. फणसाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर माळा, त्याच्यावर कौलं.

"बाबा, या सांध्यात एकही खिळा नाही. लाकूड लाकडाशी बोलतंय."

"त्यांचं बोलणं झालं की मला बसव," वडील म्हणाले.

लेकानं इकडेतिकडे पाहिलं. "सोफा कुठे आहे?"

"ह्यो काय. त्याच्यावरच उभं हायसा की, पावणं."

लेकानं आपल्या पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं. प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारी बारशाला गेल्या होत्या. कॉट माळ्यावर होती, आणि माळ्यावर जायला शिडी. लेकानं खिशातून गाडीची किल्ली काढली. मामाचा चेहरा उतरला. या घरात पैसे देऊन कोण झोपणार, असं मामीनं आधीच विचारून ठेवलं होतं, आणि ती आता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.

त्या घरात एका अंगाला जनावरं आणि दुसऱ्या अंगाला, गुडघाभर उंच जोत्यावर, सोपा. मध्ये भिंत नाही, नुसती खांबांची रांग, दोन खांबांत एक खण. वडील काठी टेकत त्या कडेला गेले. खांबाला हात घातला, वळले, आणि पाय खाली सोडून बसले. मग कुणी न सांगता ते उठले आणि पुन्हा बसले. बसायची भीती नव्हतीच त्यांना, उठता येईल का याची होती.

"मानवी शरीराच्या मापाचा केवढा विचार आहे यात," लेक म्हणाला.

"तर हो," मामानं संधी सोडली नाही. "आमच्या आज्ज्यानं म्हाताऱ्या माणसांसाठीच तसं केलतं."

गोठ्यातली घाण वर येऊ नये म्हणून जोतं उंच घेतात, हे मला माहीत होतं आणि मामीलाही. आम्ही दोघं तुळयांकडे बघत राहिलो.

वडिलांनी पाठ खांबाला टेकवली. समोर म्हैस त्यांच्याकडे टक लावून होती.

"ही अशीच बघणार काय?"

"तिचं घर हाय, पावणं. तुमी काय, दोन दिसाचं."

"चार दिवसांचे," वडील म्हणाले आणि लेकाला गाडीतल्या बॅगा आणायला पिटाळलं.