मागच्या सीटवर पोतं मावत नाही

बुधवारी सकाळी, सगळं जग ऑफिसला पळत असताना, आम्ही स्कूटरवर अमरावतीहून निघालो. मुद्दाम. गेल्या वर्षी चार खोल्यांचं घर विकून बँकेचं कर्ज फेडलं, कार काढून टाकली आणि दोन खोल्यांत राहायला आलो. आता मी कोचिंग क्लासमध्ये आठवड्यातून तीनच दिवस गणित शिकवते. विनोद, माझा नवरा, घरी बसून नकाशे काढून देतो. गल्लीत बातमी फिरली, बुडाले बिचारे. फिरू दे.

हायवे टाळून भातकुलीवरून दर्यापूरचा रस्ता धरला. थंडीत जा. दोन्ही बाजूंना कापूस, तूर, हरभरा. रस्ता मात्र मध्येमध्ये कंबर ढिली करतो. हा खारपाणपट्टा, विहिरींचं पाणी मचूळ, तेव्हा प्यायचं पाणी घरूनच भरून घ्या. दर्यापूरला आलूबोंडा आणि झणझणीत तर्री खाल्ली, दोघांचं पोट किरकोळ पैशांत भरलं. चहावाल्याने आज सुट्टी आहे का विचारलं. आम्ही कामच कमी केलंय म्हटल्यावर त्याने काळजीने विनोदकडे बघून विचारलं, तब्येत बरी आहे ना?

अकोटला साध्या लॉजवर मुक्काम केला आणि सकाळी नरनाळा किल्ला गाठला. शहानूरच्या वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, स्कूटर खाली लावून, जीपने वर गेलो. नियम बदलत असतात, आधी विचारून घ्या. महाकाली दरवाजाच्या नक्षीसमोर आम्ही निवांत बसून राहिलो. घरच्या बाल्कनीचे हप्ते वर्षानुवर्षं भरले, पण तिथे असं कधी बसायला मिळालं नाही. मला रागच आला त्या सगळ्या वर्षांचा.

संध्याकाळी अकोल्याला ताईकडे पोचलो. ही माझी सख्खी मोठी बहीण. तिने आधी आमच्यामागे रस्त्यावर बघितलं.

"काहून वं, गाडी कुठी हाय?"

"इकली."

वांग्याची भाजी, निखाऱ्यावर भाजलेले रोडगे, वर साजूक तूप, असा तिने पाहुणचार केला. सकाळी निघताना मात्र दारात ज्वारीचं पोतं उभं होतं. शेजारी तुरीची डाळ, तेलाचा डबा, तिच्या जुन्या साड्यांचं गाठोडं. वानोळा म्हणाली. आमच्याकडे शेतातलं नवं पीक नातलगांना थोडं थोडं देतात, त्याला वानोळा म्हणतात, आणि तो नाकारणं म्हणजे माणसाला नाकारणं. पण साड्या कुठल्या शेतात पिकतात?

विनोद खाली बघत स्कूटर पुसत राहिला. मी घेतलं तर ताईच्या लेखी आम्ही कायमचे बुडालेले, आणि नाकारलं तर ताई तुटणार.

"ताई," मी म्हटलं, "वानोळा वंजळीनं देतेत, पोत्यानं नाई. आमी बुडलो नाई. आमी फिरून राहिलो."

तिचे डोळे भरले. मग ती चिडली. "उद्या कमी पडलं तं माह्या दारी रडत नको येजो."

मी पदर पसरला. ती आत गेली आणि ओंजळभर तुरीच्या शेंगा आणून त्यात टाकल्या. मूर्तिजापूर, बडनेरामार्गे हायवेने परतलो तेव्हा त्या माझ्या मांडीवर होत्या. रस्ता गुळगुळीत, ट्रक फार, सांगण्यासारखं दुसरं काही नाही.

घरी त्याच शेंगांच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, आमटी केली. आमच्या स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की तिसरं मावत नाही, आणि ती आमटी आम्ही उभ्यानेच भुरकली. पाच-सहा दिवसांनी ताईचा फोन आला. ज्वारीचा विषय निघाला नाही. आवाज एकदम बारीक केला तिने.

"तो नरनाळा, इतली वर्षं झाली मले अकोल्यात, म्या पाह्यलाच नाई. नेशीन का? तुह्या भाऊजीले नको सांगजो."

"बुधवारी तयार राहाजो," मी म्हटलं. "पन पोतं नको आनजो. मांगच्या सीटवर तुले बसा लागते."