उद्या माह्याकडं

साळू जर्मनीला गेली तवा आख्ख्या हर्सूलला पेढे मीच वाटले, म्हणून तिची फजिती झाली तवा पहिला फोनबी मलाच, ह्या आवडा आत्याला, आला. साळू म्हंजी माह्या भावाची, पुंजारामाची पोरगी. फुलंब्रीजवळ त्याचं शेत हाय. पोरगी अकरावीपासून माह्या घरी राहून शिकली, शेतीच्या यंत्रांची इंजिनियर झाली अन् स्कॉलरशिप मिळवून थेट तिकडं उडाली. नाव आजीचं, साळूबाईचं. कॉलेजात मैत्रिणी म्हणल्या, जरा बरं नाव लाव. तर ही म्हणती, "का? ह्या नावाला काय खरूज झाली?" असली खमकी. आत्यावरच गेली, दुसरं काय.

रोज दिवेलागणीला तिचा फोन यायचा. तिकडं तवा दुपार. एकदा म्हणली, "आत्या, इथं रविवारी आवाज करायचा नाय." हिनं रविवारी खलबत्त्यात ठेचा कुटला, तर खालच्या मजल्यावरची म्हातारी वर आली भांडायला. मी म्हणलं, "वाटीभर ठेचा दे तिला." म्हणली, "दिला ना. आता तीच शनिवारी विचारती, आज कुटणार का म्हणून." कचऱ्याचे चार डबे. चहाची पत्ती एकीकडं, तिची पुडी दुसरीकडं. "इथं कचऱ्याचीबी भाऊवाटणी होती, आत्या." सायकलवर कॉलेज, दुपारी थंडगार ब्रेड, संध्याकाळी स्वतःच्या हातची भाकरी. मी हसायची अन् फोन ठेवला की पदर डोळ्याला लावायची. सांगायला काय लाज?

मग आलं ते ग्रुपचं काम. तिघांनी मिळून ओला मका वाळवायची पेटी बनवायची. मका साळूनंच सुचवला. एका साली बापाचा मका पावसात भिजला, बुरशी धरली अन् सिल्लोडच्या बाजारात कुणी हात लावला नाय, ते हिच्या मनात रुतून बसलं होतं. ग्रुपात योनास नावाचा तिथलाच पोरगा, अन् व्हिएतनामची लिन. योनासनं पेटीचं चित्र काढायचं, लिननं उष्णतेचं गणित करायचं, साळूनं पेटी ठोकून मका वाळवून दाखवायचा.

आता आमची पोरगी सावडीत वाढलेली. सावड म्हंजी आज तुह्या शेतात आम्ही राबतो, उद्या आमच्या शेतात तुम्ही. पैसा नाय, उपकार नाय. हिनं तिथं जर्मनीत सावड घातली! पहिल्यांदा योनासकडं गेली, त्याच्या शेजारी बसून रेघा ओढल्या, दोन चुका काढल्या. मग लिनकडं, आकडे तपासले. स्वतःचं काम राखून ठेवलं शेवटाला. मनात म्हणती, आता दोघं येतील माह्याकडं.

गुरुवारी सकाळी फळ्या, खिळे, पंखा मांडून कॉलेजच्या कारखान्यात बसली. दुपार झाली. कुत्रंबी फिरकलं नाय.

शुक्रवारी मास्तरीणबाईनं बोलावलं. योनासनं तक्रार केली होती. "ही माझ्या कामात हात घालते, अन् स्वतःचं काम हिनं सुरूच केलं नाय." मास्तरीणबाई म्हणल्या, "मंगळवारी पेटी चालू दिसली पाहिजे. नायतर तू नापास." नापास म्हंजी स्कॉलरशिप बंद. स्कॉलरशिप बंद म्हंजी बोजा-बिस्तारा गुंडाळून फुलंब्री.

फोनवर नुसती रडती पोरगी. माह्या डोक्यात राख गेली. "मुडदा बशिवला त्या योनासचा! पोरीनं घाम गाळला अन् हा तक्रारी करतो? दे त्याला फोन!"

"तुला जर्मन येतं का आत्या?"

"शिव्या कळायला भाषा लागत नाय!"

तिला रडता रडता हसू फुटलं. मग मी जरा थंड झाले. म्हणलं, "एक सांग. तू त्यांना म्हणली होती का, उद्या माह्याकडं या?"

"सावड काय सांगून करत्यात का?"

"अगं बये! गावात समद्यांना ठाऊक असती, तरी तुहा बाप आदल्या दिवशी घरोघर सांगून येतोच ना? त्या पोराला काय सपान पडणार? बोलणाऱ्याची बोरं विकत्यात, साळे. मूग गिळून बसलीस तर कोण येईल? तोंड उघड, सांग, अन् जेवाया घाल."

साळू बारीक आवाजात म्हणली, "अन् वच्छलामावशीचं काय?"

आता ह्यात वच्छलाबाईचा काय संबंध? पण ऐकाच. वच्छलाबाई माही शेजारीण, मधी फक्त भिंत. दर उन्हाळ्यात आमची पापडाची सावड. आज तिच्याकडं, उद्या माह्याकडं. गेल्या साली तिचे पापड मी लाटले. माह्या दिवशी अंगणात खाट टाकली, तिच्यावर लुगडं अंथरलं, पीठ कुटून ठेवलं. बाईचा पत्ता नाय. खाट काय दिसत नव्हती तिला? एकटीनं लाटता लाटता खांदा गेला माहा. तवापासून मी तिच्याशी बोलणं सोडलं.

"तू तरी मारली होती का हाक?" साळू म्हणली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!"

मी फोन आपटला. पण पोरगी आत्यावर गेलेली. परत लावला. "मी बोलते त्यांच्याशी. पण माहं काम झालं की तू मावशीला हाक मारायची. हीबी सावडच."

पोरीचं वरीस चाललं होतं पाण्यात. म्हणलं, "बरं बाई, मारीन."

साळू गेली योनास अन् लिनकडं. सावड समजून सांगितली, मका कसा बुडाला तेबी सांगितलं, अन् म्हणली, उद्या माह्याकडं या, जेवण माहं. योनास लालबुंद झाला. म्हणला, "मला वाटलं, तू मला ढ समजतेस, म्हणून माझं काम ओढून घेतेस." बघा! आम्ही त्याला कामचुकार समजत होतो, अन् तो बिचारा मनात कुढत बसला होता. शिव्या मी परत घेतल्या, मनातल्या मनात.

शनिवारी दोघं आले. योनासनं फळ्या कापल्या, लिननं पंखा बसवला, साळूनं खिळे ठोकले. डब्यातलं पिठलं अन् भाकरी तिथंच फळीवर मांडून खाल्ली. लिननं ठेचा दोनदा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी रविवार, ठोकाठोक बंद, म्हणून अंधार पडेस्तोवर काम उरकलं.

मंगळवारी मी देवापुढं बसले, उठलेच नाय. भाजी करपली. तेवढ्यात फोन वाजला.

"आत्या, मका वाळला! मास्तरीणबाईनं दाणा दाताखाली धरून बघितला, कटकन वाजला. पास!"

मी इतकी ओरडले की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबला. हसले, रडले, देवाला साखर ठेवली.

"अन् आत्या," साळू म्हणली, "आता तुही पाळी."

मेली विसरली नव्हती.

भिंतीपाशी गेले. वच्छलाबाई पलीकडं कपडे वाळत घालत होती. घसा खाकरला, एकदा, दोनदा. तिनं वळून बघितलं नाय. इज्जत गुंडाळून ठेवली अन् म्हणलं, "वच्छलाबाई, उद्या माह्याकडं पापड हायेत."

तिनं हातातलं लुगडं दोरीवर टाकलं अन् आत निघून गेली. म्हणलं, झाली शोभा.

तेवढ्यात ती बाहेर आली. हातात लाटणं. "गेल्या सालीबी असंच धुऊन ठेवलं होतं," म्हणली. "दिवसभर दारात बसले, आवडाबाईची हाक कवा येती म्हणून."

"अगं, मग यायचं की सरळ!"

"आदल्या दिवशी सांगणं नाय, सकाळी हाक नाय. म्हणलं, हिला आता आपण नको झालो."

माह्या डोळ्याला धारा लागल्या. वच्छलाबाईच्याबी. भिंतीच्या दोन बाजूंना दोघी म्हाताऱ्या उभ्या, अन् मधी ते लाटणं.

"सकाळी लवकर ये," मी म्हणलं. "अन् जेवाया इकडंच."