अणदूर-नळदुर्ग करणारी मांजर

मी गॅरेजवाला माणूस. कुठून आवाज आला तर आधी नटबोल्ट तपासतो, भूत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण लिहितो.

गॅरेज नळदुर्गला, हायवेवर. अणदूरचा दिगंबर, चित्रकलेचा मास्तर, माझा जिवलग. दोघांना एकच वेड – जपानी चिनीमातीचे प्राणी. सोलापूर, हैदराबादचे जुने बाजार पालथे घालायचो. जपानात घुबड शुभ, म्हणून मी एक आणलं. बायकोने चार दिवस ते उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. कासव म्हणजे दीर्घायुष्य. ते दिगंबरकडे होतं. काय उपयोग झाला?

एका मांजरीवर मात्र दोघांचा एकदमच हात पडला. डावा पंजा वर केलेली. उजवा पंजा पैसा बोलावतो, डावा माणसं. भांडण मिटेना. आमच्या दोन्ही गावांत खंडोबाची मूर्ती एकच, वर्षातले थोडे दिवस नळदुर्गला, बाकी अणदूरला. तेव्हा दिगंबर म्हणाला, "खंडोबासारखं करू. देव नळदुर्गला आला की मांजर तुझ्याकडं, अणदूरला परतला की माझ्याकडं." मफलरमध्ये गुंडाळून तो स्वतः आणायचा, न्यायचा. एकदा मी द्यायला दोन दिवस उशीर केला, तर गॅरेजवर येऊन सगळ्यांदेखत भांडला होता.

गेल्या वर्षी न्यायला आला तेव्हा मी ट्रकखाली होतो. ग्रीसच्या हातानेच मांजर गुंडाळून दिली. चहाला थांबसुद्धा म्हणालो नाही. उन्हाळ्यात तो गेला. डाग पडलेला तो मफलर मीच त्याच्या सरणावर ठेवला.

यंदा देव नळदुर्गला आला त्या दुपारी मला घरात बसवेना. अणदूरला गेलो. मांजर मागायची नव्हती, नुसती बघायची होती. शोकेसमध्ये तिची जागा रिकामी. वहिनी गोंधळल्या. "सकाळी पुसून ठेवली की म्या, भाऊजी. हितंच व्हती."

घरी आलो तर टेबलावर मांजर. खाली मफलर, कोपऱ्यावर ग्रीसचा डाग.

आमची सून लातूरकडची, लग्नाला दोनच महिने झालेले. तिने दिगंबरला कधी पाहिलेलं नाही. म्हणाली, "अणदूरचे मास्तर आलते, मामा. चहा टाकते म्हणलं, तर म्हणले, ह्यो आला की घेतो. लई वेळ तुमची वाट बघितली त्यांनी."

कुणी आणली, कशी आणली, मला आजही सांगता येत नाही. सलतं ते वेगळंच. तो इथं माझी वाट बघत होता आणि मी तिकडं त्याची रिकामी जागा बघत होतो.

देव अणदूरला परतून महिना झाला. वहिनींना सांगून मांजर मी ठेवून घेतलीय, तोंड दाराकडे करून. पाळी मोडली की दिगंबर भांडायला येतो. म्हणून दुपारी मी आता घर सोडत नाही.