काकूची गोड हाक

राधाकाकूनं मला जन्मात कधी प्रेमानं ‘ये’ म्हटलं नाही. दारात पाऊल पडलं की आतून आवाज यायचा, “आलास? मला वाटलं, गावानंच ठेवून घेतलं.” ताप आला तर म्हणायची, “झालं. आता सरदारांच्या उशाशी बसा.” आणि बसायची. आईबापांमागे तिनंच मला वाढवलं. माया सगळी हातात, जिभेवर साखरेचा कण नाही. सदाशिव पेठेत तिला फटकळ म्हणत. मला ते बोलणं ऐकल्याशिवाय घरी आल्यासारखं वाटत नसे.

मी सरकारच्या दारूगोळ्याच्या कोठारात कारकून होतो. परकी फौज शहरात शिरायच्या आधी आम्ही दारूगोळा बाहेर हलवला होता. तो कुठे ठेवला हे ज्यांना ठाऊक, त्यांना त्या फौजेचे शिपाई हुडकत होते. माझ्या जोडीदाराला धरून नेलं आणि घरी त्याचं प्रेत आलं. मी तोंड लपवून फिरत होतो, पण दुपारी घरी जेवायची खोड काही सुटेना. मूर्खपणा, दुसरं काय.

एके दुपारी दोन शिपाई माझ्याआधी घरात शिरले. एक दाराआड दबून राहिला. दुसऱ्यानं मागून काकूच्या पाठीला कट्यार लावली.

“तो आला की आत बोलाव, म्हातारे. गोड बोल. आवाज चढला तर बघ.”

यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मी अंगणात आलो, तर काकू दारात उभी.

“आलास का रे बाळ? उन्हातून दमला असशील. ये हो, पान वाढते.”

बाळ? आणि ‘ये हो’? आमच्या घरात असं कुणी बोलतच नसे. मी जोडा काढायला म्हणून वाकलो, तसाच वळलो आणि बोळात पळालो. मागे आरडाओरडा झाला. पर्वतीच्या पायथ्यानं थेट कात्रजचा घाट गाठला. म्हातारीचं काय केलं असेल, एवढंच डोक्यात होतं.

फौज हलल्यावर परतलो. दार उघडंच होतं.

“आलास? मला वाटलं, कुठंतरी घरजावई झालास.”

मी उंबऱ्यावरच बसून रडलो. तिच्या कपाळावर खोक होती. विचारलं तर म्हणाली, “मेल्यांनी सांगितलं तस्संच बोलले मी. मग चिडले कशाला, कोण जाणे.”

पुढे कित्येक वर्षं तिनं मला यथेच्छ फाडून खाल्लं. शेवटच्या दुखण्यात एका सकाळी मी पेज घेऊन गेलो, तेव्हा तिनं डोळे उघडले.

“दमलास रे बाळ. बस जरा माझ्यापाशी.”

मी नकळत दाराआड बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

“काकू, असं नको बोलूस. शिवी दे एखादी,” मी म्हणालो.

तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला.

“शहाणा गं माझा,” ती म्हणाली.