पोळ्याची भिंत

तोंड असून बोलायचा कंटाळा करणारा माणूस साऱ्या भोकरदन तालुक्यात माझ्या थोरल्या दिरांसारखा दुसरा नसेल. दुकानांच्या पाट्या रंगवायचा त्यांचा धंदा, आणि घरातही तेच वळण. जेवायला कधी येता विचारलं की फरशीवर कोळशाने काढून दाखवायचे. एकदा सूर्य माथ्यावर आल्यावर येतो, म्हणून त्यांनी लिंबाच्या झाडावर सूर्य काढला. मला ते तव्यावरचं अंडं वाटलं. मी अंड्याची पोळी करून वाढली, आणि त्या दिवशी त्यांची चतुर्थी. ताटाकडे बघत ते एवढंच म्हणाले, "आत्ताच राजूरच्या गणपतीला जाऊन आल्तो, मुक्ताची आई."

मुक्ता माझी मुलगी, तेव्हा शाळेत नुकतीच जाऊ लागलेली. बोलायची जेमतेम, आणि रोजच्या क्रमात इकडचं तिकडं झालं की कानांवर हात दाबून किंचाळायची. सणाच्या दिवशी तर सगळंच इकडचं तिकडं. आदल्या पोळ्याला ढोल वाजले तशी ती पळाली, ती संध्याकाळी कपाशीच्या शेतात सापडली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी तिच्या स्वभावाला जे इंग्रजी नाव सांगितलं ते आम्हाला कुणालाच धड म्हणता येईना. सणाला काय काय होणार ते आधीच चित्रांतून दाखवत जा, एवढं मात्र कळलं.

भाऊजींनी ओसरीची अख्खी भिंतच धरली. बैलांची आंघोळ, पुरणपोळी, ढोल, दारात आलेले बैल आणि शेवटी अंथरुणात झोपलेली मुक्ता. रोज सकाळी तिला समोर बसवून एकेका चित्रावर बोट ठेवायचे. ढोलापाशी ती कान झाकायची, मग तेही झाकायचे. पण खरेपणाची हौस दांडगी. चुलीपाशी चिडलेली मी, पिऊन आलेले शेजारी, सगळं भिंतीवर आलं. शेजारी बरेच दिवस फिरकले नाहीत. एका म्हातारीने कसलं तरी व्रत समजून तिथं हळदकुंकू वाहिलं. हा नेमका कोणता सण, हे शेवटी मलाच कळेना.

पोळ्याला ढोल वाजले. मुक्ताने कान झाकले, भिंतीकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. मग आमची बैलजोडी दारात आली, तशी ती उंबऱ्यात आडवी झाली. चित्रात पांढरा बैल पुढे होता, इथं काळा. मागे साऱ्या गल्लीचे बैल तटले.

"काय करून राह्यले तुम्ही? पोरीला उचला की," कुणी तरी म्हणालं.

"चूक तिची न्हाई, माझ्या चित्राची हाये," भाऊजी म्हणाले. "बैल मागं घ्या, बराबर लावून आणा."

कासरे एकमेकांत गुंतले, ढोलवाले भलत्याच घरात शिरले, काय चाललंय कुणालाच समजेना. अखेर पांढरा पुढे आला. मुक्ता उठली आणि तिने आपल्या हाताने त्याला पुरणपोळी दिली.

मग ती भिंतीपाशी गेली. झोपलेल्या मुक्ताच्या पुढे भिंत कोरी होती. तिथं बोट ठेवून म्हणाली, "उद्या?"

हा शब्द आम्ही तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. भाऊजींनी ब्रश रंगात बुडवून भिंतीपर्यंत नेला आणि तिथूनच मागे घेतला.

"उद्याचं मलाच ठाऊक न्हाई, बाळा," म्हणाले, आणि ब्रश तिच्या हातात दिला.

तिने एक लांब, वेडीवाकडी रेघ ओढली. ती कशाची ते मला काही उमगलं नाही. भाऊजींना मात्र कळलं असावं, ते कितीतरी वेळ मान डोलावत होते. आता ते नाहीत. विचारायचं राहूनच गेलं.