चुंबकाला चिकटलेली भांडी

धाकट्या बहिणीच्या सासऱ्यांनी आयुष्यात कुठली परीक्षा पास केली असेल असं वाटत नाही, पण दुसऱ्यांची परीक्षा घ्यायची भारी हौस. राहनाळच्या वडिलोपार्जित जमिनीवर गोदामं उठली, भाडं सुरू झालं आणि भाड्याबरोबर अक्कलही आली असा त्यांचा समज झाला. खिशात कायम जुन्या स्पीकरचा काळा चुंबक. ही खोड एका भंगारवाल्याकडून उचललेली.

बहिणीच्या लग्नाच्या हॉलमध्ये, आईने तिला द्यायला मांडलेल्या भांड्यांपुढे ते उकिडवे बसले आणि एकेकाला चुंबक लावू लागले. कामतघरच्या आमच्या दोन खोल्यांत आईने ती सणासणाला एकेक घेऊन जमवली होती.

"ह्ये पातेलं चिकटलं. म्हंजी भेसळ हाय. चांगला स्टील चिकटत न्हाय." मग गळ्यातली जाड साखळी चुंबकाला लावून म्हणाले, "ह्ये बगा सोनं. चिकटतंय का?"

पितळही चिकटत नाही, हे त्यांना कोण सांगणार! मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून तोंड उघडलं. "काका, लोखंडाचे अणू म्हणजे बारके चुंबकच. चुंबक जवळ आला की ते एका दिशेला तोंड करतात. तांब्या-सोन्याचे करत नाहीत. पोलादात निकेल भरपूर मिसळलं की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि तेही चिकटेनासं होतं. निकेल नसलं तरी ते स्टीलच."

"तुज्या शालंत सांग," ते म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी.

चिकटलेली सगळी पातेली पाहुण्यांदेखत आमच्या टेम्पोत परत चढली. घरी आल्यावर आईने ती माळ्यावर टाकली. मला त्या माणसाची किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

पुढे ह्याच महाशयांनी रुबाबात इंडक्शनची शेगडी आणली. त्यांनी निवडून ठेवलेलं एकही भांडं तिच्यावर तापेना, शेगडी नुसती पीं पीं करे. तिला चुंबकाला चिकटणारंच भांडं लागतं. बहिणीचा फोन आला, "आई, ती पातेली पाठव ना. सासरे मागतायत."

"पाठवनार न्हाय. त्यांना म्हनावं, सोता येऊन न्या. आन् चुंबक घेऊन या."

ते आले. आईने पातेली खाली काढून त्यांच्यापुढे मांडली, चहासुद्धा विचारला नाही.

"लावा चुंबक," ती म्हणाली. "चिकटंल तेवढंच न्या."

ते उकिडवे बसले.